भूपालीचा देसकार कुठे झाला

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे आठही ट्रॅक ऐकले. एकदा हेडफोनवर, एकदा स्वयंपाकघरातल्या लहानशा स्पीकरवर. त्या डब्यातून बेस जवळजवळ येतच नाही, त्यामुळे सुरावट किती तोलाची आहे ते लगेच कळतं.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, चरणजित सिंगांच्या अल्बमसारखा आवाज काढायला कुठला प्लगइन, म्हणजे संगणकातलं वाद्य, घेऊ? ३०३ या जुन्या बेसच्या पेटीची नक्कल करणारे ढीगभर मिळतात, कुठलाही घे. तुझी अडचण तिथे नाहीच, म्हणून हे लांबलेलं पत्र.

तू तो अल्बम आवाजासाठी ऐकतेयस. मी सांगतो, कामाच्या वाटणीसाठी ऐक. १९८२ साल, मुंबई. 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट.' सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमधले मुरलेले वादक. सिनेमात तेव्हा डिस्कोची लाट. त्यांनी तो ठेका घेतला, तबल्याला सुट्टी दिली आणि वर राग वाजवले: भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. हाताशी रोलंड कंपनीची तीन यंत्रं. ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३, सुरावटीला ज्युपिटर-८. बस. तुझ्या एकेका ट्रॅकमध्ये मी चाळीसपर्यंत थर मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

त्या ३०३ची गंमत तुला माऊसने कळायची नाही. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून ती पेटी काढली होती. गिटारवाल्यांना ती काही पटली नाही आणि १९८४ मध्ये बनवणंही बंद झालं. पॅटर्न भरायची तिची रीत अशी: आधी सगळे स्वर ओळीने द्यायचे, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून कुठला स्वर कधी आणि किती वेळ ते सांगायचं. एखाद्या बंदिशीचे स्वर एका वहीत आणि मात्रा दुसऱ्या वहीत लिहाव्यात, तसं. मधे एक घर चुकलं की पुढची सगळी ओळ सरकते आणि भलतंच काहीतरी वाजायला लागतं. कधी कधी ते भलतंच जास्त चांगलं असतं, तो भाग वेगळा.

३०३सारख्या, पॅटर्न बॅटरीवर सांभाळून ठेवणाऱ्या यंत्रांवर माझा विश्वास नाही. ऑर्केस्ट्रात होतो तेव्हा गिरगावात गणपतीचा कार्यक्रम होता. अख्खी दुपार घरी बसून रिदम मशीनमध्ये ठेके भरले, आणि स्टेजवर बटण दाबलं तर आत काहीच नाही. सेल उतरलेले. ढोलकीवाल्याने वेळ मारून नेली, वर पंधरा दिवस मला चहा पाजायला लावला.

असो. ३०३मध्ये स्लाइड आहे, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, अरे, ही तर आपली स्वरावरून स्वरावर ओढत नेणारी मींड! पण नीट ऐक. त्या घसरणीला लागणारा वेळ ठरलेला असतो, दर वेळी तेवढाच. आपली मींड कधी रेंगाळते, कधी झटकन उतरते. ते रेंगाळणं हातातूनच यायला हवं. सिंगांनी तेच केलं, असं मला ऐकताना स्पष्ट जाणवतं. यंत्राला जे न थकता करता येतं ते यंत्रावर टाकलं, म्हणजे ठेका आणि खालचा फिरता बेस. राग मात्र ज्युपिटरच्या पट्ट्यांवर स्वतःच्या बोटांनी वाजवला.

आता तुझा तिसरा ट्रॅक. नाव दिलंयस भूपाली. सुरुवात छान आहे. ग रे सा, मग मंद्र धैवतावर टेकून परत गंधारावर येतेस तेव्हा मान डोलली माझी. पण दोन मिनिटांनी 'सां ध प, ग प ध' एवढाच तुकडा कापून लूपवर टाकलास. ऋषभ गायब, गंधार नुसता वाटेवरचा, आणि दर फेरीला थांबा धैवतावर. बाई गं, हा देसकार राग झाला! स्वर तेच पाच आहेत, सॉफ्टवेअरला दोन्हीत काडीचा फरक दिसणार नाही. फरक चालीत आहे, कुठल्या स्वरावर बसायचं त्यात आहे. लूप ज्या स्वरावर परत परत येतो तो आपोआप वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, होऊन बसतो, म्हणून तुकडा कापताना कात्री कुठे लावतेस ते बघ.

तोडीही घाईत उरकलीयस. तिचा कोमल गंधार की-बोर्डच्या पट्टीवर मिळतो त्याहून खाली असतो. पिच बेंडने हलकेच खाली ओढून बघ. नाहीच जमलं तर तोडी या अल्बममधून काढून टाक. कलावती, मालकंस पट्ट्यांवर त्यामानाने सांभाळून घेतात.

आणि सिंगांचा अल्बम म्हणजे 'जगातला पहिला ॲसिड हाउस' (३०३च्या पिळवटलेल्या बेसवर चालणारं नाचाचं संगीत), हे प्रकरण तुझ्या परिचयपत्रात नको. शिकागोच्या फ्यूचर या मंडळींचा 'ॲसिड ट्रॅक्स' १९८७चा. तीच ३०३ पेटी होती, पण त्यांनी तिच्या खुंट्या पिरगाळत आपली वाट शोधली. इकडच्या रेकॉर्डचा त्यांच्याशी संबंध नव्हता. सिंगांची रेकॉर्ड तेव्हा फारशी कुणी घेतलीही नव्हती. २०१०मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा बोलबाला झाला, आणि सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन ते राग वाजवून आले. २०१५मध्ये गेले.

तर आता असं कर. भूपाली परत पाठव, तीनच थरांत. ठेका आणि बेस मशीनवर. तिसऱ्यावर तू, सलग सहा मिनिटं, न कापता. चुकलं तर चुकू दे, सूर आपोआप ठेक्यावर बसवणारं क्वांटाइझ मात्र लावू नकोस. लावलंस तर मला कळतं. बुधवारी संध्याकाळी मी घरी आहे. येताना तो छोटा की-बोर्ड आण, माझ्याकडच्या सिंथचा गंधार गेले महिनाभर दाबला की अडकतोय.

तुझा,
काका