इंटरव्ह्यूत मुलगी नापास, पण साठ हजार दिले तर सीट मिळेल म्हणे

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीत विश्रामबागच्या एक ताई लिहितात, मुलीला मेमध्ये सहा पूर्ण झाली, पहिलीसाठी एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत फॉर्म भरला. शाळेने मुलीला वेगळं आणि आईवडलांना वेगळं बसवून प्रश्न विचारले, मग व्हॉट्सॲपवर मेसेज आला की 'इंटरॅक्शन'मध्ये मुलगी क्लिअर झाली नाही. त्यानंतर ऑफिसमधल्या क्लार्कचा फोन, बिल्डिंग फंडाला साठ हजार दिले तर मॅनेजमेंट कोट्यातून होईल. मिस्टर कुपवाड एमआयडीसीत कामाला, त्यांनी घाईत दहा हजार क्लार्कच्याच नंबरवर फोनपे केले, बाकीचे पन्नास कॅश पाहिजेत, पावती मिळणार नाही. उरलेले द्यावेत की नाही यावर घरात दोन मतं पडलीत. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत राखीव असलेल्या पंचवीस टक्के मोफत जागांचा फॉर्म का भरला नाही तर "आम्ही धनगर, पण इन्कम साडेतीन लाख".

ताई, पन्नास हजार देऊ नका. हे तत्त्वासाठी सांगत नाहीये, पावती नसलेल्या पैशाचं पुढे काय होतं ते कोर्टात रोज बघतो म्हणून सांगतोय. उद्या क्लार्क म्हणाला की तो व्यवहार माझा आणि त्यांचा खाजगी होता, तर शाळा हात वर करणार आणि तुम्ही सीटही गेली पैसेही गेले असं करत बसणार.

आता कायदा बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १३ सरळ आहे, शाळेने जाहीर केलेल्या फीशिवाय कुठलीही देणगी, वर्गणी, फंड घेतला की ती कॅपिटेशन फी, मग तिला बिल्डिंग फंड म्हणा नाहीतर अजून काही. पुष्कळ ठिकाणी ट्रस्टच्या नावाने 'ऐच्छिक देणगी'ची पावती देतात, पण ॲडमिशनच्या बदल्यात घेतली तर ऐच्छिक कसली. घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. मुलाची किंवा आईवडलांची चाचणी, मुलाखत घेणं हेही त्याच कलमात, पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड. 'इंटरॅक्शन' हे नाव दिलं म्हणून तो इंटरव्ह्यू राहत नाही असं काही नाही. शिवाय आपल्या राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा आहे, त्यात किमान एक वर्ष ते तीन वर्षं कैद आहे. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर आरटीई लागू होत नाही, मग सगळा भर या १९८७ च्या कायद्यावर द्यावा लागतो, त्यामुळे ते आधी विचारून घ्या.

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत त्यांची किंमत तुम्हाला कळलेली दिसत नाही. एक म्हणजे तो व्हॉट्सॲप मेसेज, शाळेने स्वतः लिहून दिलंय की मुलीची परीक्षा घेतली आणि तिला नाकारलं, असा पुरावा सहसा कुणी देत नाही. दुसरी ती फोनपेची एंट्री, क्लार्कचं नाव, तारीख, वेळ, रक्कम. फक्त स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका, मूळ फोन जपा, फॉरमॅट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, कारण पुढे कोर्टात द्यायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा खरा असल्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. आणि मिस्टरांना सांगा, क्लार्कशी यापुढे फोनवर बोलणं नको, काय ते मेसेजवर.

मग मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज, मराठीतच. अमुक तारखेला फॉर्म भरला, मुलीला प्रवेश नाकारल्याचं कारण लेखी द्या, आणि अमुक तारखेला तुमच्या कर्मचाऱ्याने घेतलेले दहा हजार कुठल्या सदराखाली घेतले त्याची पावती द्या किंवा रक्कम परत करा. बस, एवढंच, धमकी नको, कलमं नकोत. एक प्रत संस्थेच्या सचिवांना. आवक शिक्का मारून घ्या, नाही मारला तर स्पीड पोस्टने पाठवा. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा या अर्जानंतर पैसे गुपचूप परत येतात.

नाही आले तर शाळा महापालिका हद्दीत आहे, म्हणून सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या शिक्षण विभागात तक्रार द्या आणि प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना, वर कोल्हापूरला विभागीय शिक्षण उपसंचालक आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, पुढे अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. कलम १३ चा खटला मात्र शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय चालत नाही, तेव्हा पोलीस स्टेशनला जाऊन लगेच काही होईल असं समजू नका.

आता कडू भाग. यातून शाळेला दंड होऊ शकतो, पैसे परत येऊ शकतात, पण ही सीट तुमच्याच मुलीला द्या असा हुकूम मिळेलच याची हमी कुठला वकील देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. मुलाखत बेकायदा ठरली तरी जागेपेक्षा फॉर्म जास्त असतील तर निवड सोडतीसारख्या पद्धतीने करायची असते, त्यात तुमचं नाव लागेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या शाळेत आजच नाव घाला. ॲडमिशन झालीच तर त्रासाची भीती धरू नका, मानसिक छळाला कलम १७ ने बंदी आहे, आणि आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही.

एक राहिलं, आणि याचं मला जास्त वाईट वाटलं. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी एक लाखाची उत्पन्नाची अट आहे ती आर्थिक दुर्बल गटासाठी. धनगर म्हणजे भटक्या जमाती क, तुम्ही वंचित गटात येता, तिथे उत्पन्नाची अटच नाही. नेट कॅफेवाल्याने साडेतीन लाख ऐकून परत पाठवलं असेल तर चूक त्याची. मुलीसाठी यंदाची फॉर्मची मुदत गेली, पण तुम्ही लिहिलंय धाकटा अडीच वर्षांचा आहे. मिस्टरांचा जातीचा दाखला काढून ठेवा, राहत्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, आणि ऑनलाइन फॉर्म भरताना नकाशावर घराचं लोकेशन स्वतः बसून बरोबर टाका, अंतर तिथूनच मोजतात आणि चुकीचं निघालं तर लागलेली ॲडमिशनही रद्द होते.