सिंहगडच्या राइडला सायकल कॉम्प्युटरवर वेग आणि पॉवर दोन्ही उड्या मारतात. कुठून सुरुवात करू?

पॉवर मीटरची (पायडलवरचा जोर वॅटमध्ये मोजणाऱ्या सेन्सरची) बॅटरी बदला आणि वेगासाठी जीपीएसवर न विसंबता हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, स्पीड सेन्सर लावा. दोन्ही आकडे बिघडले म्हणजे कारण एकच असेल असं नाही. ग्रुपमधल्या सायकलींचे सेन्सर जोडून देण्याचं काम माझ्याकडेच येतं, आणि निम्म्या वेळा दोष बॅटरीचाच निघतो. बऱ्याच मीटरमध्ये साधी सीआर२०३२, म्हणजे नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, उतरायला लागली की पॉवर मध्येच शून्यावर जाते. आकडा तुटत नाही, पण त्याच चढाला रोजच्यापेक्षा २०-३० वॅट कमी-जास्त दिसतात? मग झीरो ऑफसेट करा, म्हणजे मीटरचा शून्य नव्याने ठरवून घ्या. क्रँकवरचा मीटर धातूचा सूक्ष्म वाक मोजतो. तापमान बदललं की त्याचा शून्यबिंदू सरकतो. थंडीत पहाटे निघून गडावर पोचेपर्यंत ऊन तापलेलं असतं, तेवढा फरक पुरतो. ऑफसेट घरात करू नका, सायकल १०-१५ मिनिटं बाहेर उभी करून मग करा. जीपीएसचा वेग दाट झाडीत आणि कड्याखाली गडबडतोच. कात्रजच्या जुन्या बोगद्यात तर विचारूच नका. स्पीड सेन्सरसाठी चाकाचा परीघ भरा, ७००×२५ टायरला साधारण २१०५ मिमी. मात्र दोन्ही सेन्सर एकाच क्षणी गायब होत असतील तर हे काही उपयोगाचं नाही, तेव्हा संशय कॉम्प्युटरवर किंवा वायरलेस जोडणीवर घ्या. आणि पॉवर ३ सेकंदांच्या सरासरीवर ठेवा, क्षणाक्षणाचा आकडा नाचणारच.