तपासणी ‘राहिली’ कशी?

ताई, मला ३८ पूर्ण झाली. सांगलीत शाळेत शिकवते. ह्यांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. तीन वर्षं बाळासाठी प्रयत्न चाललेत. थायरॉइड, एएमएच म्हणजे बीजांच्या साठ्याची रक्ततपासणी, सोनोग्राफ्या, एचएसजी म्हणजे गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, मागच्या दिवाळीत पोटातून दुर्बीण घालून तपासणी, सगळं झालं. एएमएच थोडं कमी, बाकी नॉर्मल. गोळ्या घेऊन पाच सायकल झाल्या. ह्यांची एक तपासणी राहिली आहे, दुकान एकटेच बघतात म्हणून जमलं नाही. वर्षभर दोघांनी नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा केल्या. आता धाकट्या जाऊबाईंचं डोहाळजेवण आहे. सासूबाई म्हणाल्या, तू ओटी भरू नकोस, नुसती बस. माझ्यातच दोष आहे असं मी घरात आधीच सांगून टाकलंय, पण हे फार लागलं. जाऊ, की तब्येतीचं निमित्त सांगू?
– एक वाचक, सांगली

डोहाळजेवणाचं नंतर बघू.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाला अडले. ‘राहिली.’ पापड करायचे राहतात. लाइट बिल भरायचं राहतं. बायकोला भूल देऊन, पोटाला भोकं पाडून, आत दुर्बीण फिरवून झाली तरी नवऱ्याची एक तपासणी ‘राहते’, हे मराठी काही मला कळलं नाही. ती राहिलेली नाही, बाई. त्यांनी केली नाही आणि तुम्ही करायला लावली नाही. दुर्बीण घालण्याआधी नवऱ्याचा रिपोर्ट न मागणाऱ्या डॉक्टरांनाही मी चार शब्द सुनावले असते, पण पत्र तुमचं आहे.

आणि वेळ नव्हता हे मला सांगू नका. बारा पौर्णिमांचा हिशेब तुम्हीच दिलाय. सकाळी निघायचं, दर्शनाची रांग, प्रसाद, येताना कवठाची बर्फी, दिवस जातोच. म्हणजे बारा दिवस दुकानाचं शटर खाली होतं. दत्तमहाराजांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही वाडीला जाते, नाही म्हटलं तरी बासुंदीसाठी. पण बारा दिवस सापडले त्या माणसाला तेरावा सापडत नाही?

वीर्यतपासणी म्हणजे काय ते तरी कुणी तुम्हाला नीट सांगितलंय का? आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचे नाहीत आणि मग एका डबीत नमुना द्यायचा. संपलं. सुई नाही की भूल नाही. लॅबच्या बाथरूमची लाज वाटत असेल तर विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी घरून आणलेला नमुना चालतो. तासाभराच्या आत पोचवायचा, शर्टाच्या आत अंगाशी धरून, म्हणजे ऊब राहते. सांगलीत तासाभरात माणूस मिरजेला जाऊन परत येतो. एचएसजीच्या टेबलावर काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या टेबलावर मी झोपलेली आहे, त्यामुळे लिहायची गरजही नाही.

मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. म्हणून हा रिपोर्ट सुरुवातीलाच काढतात. पस्तिशीनंतर तर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत की दोघांचीही तपासणी करायची असते. शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. उद्या रिपोर्टमध्ये काही निघालं, तंबाखू सोडायला किंवा औषध घ्यायला सांगितलं, तरी फरक पडला का ते कळायला तीन महिने जाणार. तुमच्या वयात तीन महिने थोडे नसतात, आणि तुम्ही असे बारा वेळा घालवलेत.

आता ‘माझ्यातच दोष आहे’. कुठल्या कागदावर लिहिलंय ते मला दाखवा. एएमएचवरून बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज येतो. बीज चांगलं की वाईट ते त्यातून कळत नाही, आणि साठा कमी म्हणून दिवस राहतच नाहीत असंही नसतं. नवऱ्याची लाज झाकायला तुम्ही न केलेला गुन्हा कबूल करून बसलात, आणि सासूबाईंनी त्याची शिक्षा सुनावली तेव्हा रडता. त्या चुकल्याच. पण त्यांच्या हातात ही काठी दिली कुणी? खरं सांगते, मला आधी तुमचा राग आला. कीव नंतर आली, रात्री, पत्र बाजूला ठेवल्यावर.

येत्या पौर्णिमेला दुकान बंद असणारच आहे. त्या सकाळी गाडी वाडीकडे न वळवता लॅबकडे न्यायची. आज रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना एवढंच सांगा : “तुमचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी एकही गोळी घेणार नाही, एकही सुई टोचून घेणार नाही.” पुढे समजावत बसू नका. ते चिडतील, उठून जातील, दोन दिवस बोलणार नाहीत. घाबरलेत हो ते. घाबरू देत. भूल घेऊन टेबलावर जाताना तुम्हीही घाबरला होतातच की.

डोहाळजेवणाला जायचं असेल तर जा, नसेल जायचं तर नाही येणार म्हणून सांगा. तब्येतीचं निमित्त तेवढं नको. तब्येतीबद्दल एक खोटं तुम्ही त्या घरात आधीच बोलून ठेवलंय.

आणि डबी आदल्या दिवशी लॅबमधूनच आणा. घरातली लोणच्याची बरणी धुऊन नेणारा एक गृहस्थ माझ्या माहितीत आहे.