पगारही कंपनीचा, बचतही कंपनीचीच?

एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ३७, एका मोठ्या संगणक बनवणाऱ्या कंपनीत नऊ वर्षं नोकरी. कंपनी दरवर्षी थोडे शेअर देते. शिवाय पगारातून पैसे कापून १५ टक्के सवलतीत शेअर घेण्याची योजना आहे. एकूण बचतीपैकी ६२ टक्के या एकाच शेअरमध्ये, २० टक्के घरासाठी बँकेत बाजूला ठेवलेले आणि उरलेले १८ टक्के निवृत्तीच्या खात्यात. गेल्या तिमाहीच्या निकालांनंतर शेअर १८ टक्के पडला. त्यांचे दोन प्रश्न आहेत: घराचे पैसे या पडलेल्या भावात शेअरमध्ये घालू का? आणि सवलतीच्या योजनेतला हप्ता पगाराच्या ५ टक्क्यांवरून १० टक्के करू का?

त्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत देतो: "मी आतून बघते आहे. मंदीतही आमच्याकडे एकालाही काढलं नाही, वरच्या लोकांनी स्वतःचे पगार कापून घेतले. 'माणूस आधी' हे आमच्याकडे नुसतं भिंतीवर लिहिलेलं नाही. आणि आता एआय सर्व्हर आणि सेवांकडे वळायचं धोरण मला पटलंय."

भगिनी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे, पहिल्याला 'अजिबात नाही'. आणि तुम्ही न विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे त्या ६२ टक्क्यांचं काय करायचं याचं उत्तर कदाचित तुम्हाला आवडणार नाही.

आधी मूल्यांबद्दल बोलू, कारण तुमची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. तुमच्या कंपनीबद्दलचा तुमचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. या धंद्यात अशा कंपन्या खरंच होऊन गेल्या. ह्यूलेट-पॅकार्डनं (एचपी) १९५७ मध्ये आपली उद्दिष्टं कागदावर उतरवली होती. १९७० च्या मंदीत ऑर्डरी घटल्या, तेव्हा माणसं काढण्याऐवजी त्यांनी सगळ्यांनाच एक आड एक शुक्रवारी सुट्टी दिली आणि पगार १० टक्के कापला. साधारण सहा महिने हे चाललं, मग काम पूर्ववत झालं. बिल ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांच्या त्या निर्णयाबद्दल लोक आजही आदरानं बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कंपनीनं २००१ मध्ये कॉम्पॅक ही दुसरी संगणक कंपनी विकत घेण्याची घोषणा केली तेव्हा एका दिवसात शेअर जवळपास पाचव्या हिश्शाने पडला. संस्थापकाचा मुलगा वॉल्टर ह्यूलेट उघड विरोधात उभा राहिला, भागधारकांच्या मतदानात थोडक्यात हरला, आणि विलीनीकरणासोबत हजारोंच्या संख्येनं नोकऱ्या गेल्या. उद्दिष्टांचा कागद होता तिथेच होता. धंदा मात्र बदलला होता, आणि खुर्चीत बसणारी माणसंही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे मूल्यं सोडली की कंपनी घसरते. तसंही नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं उदाहरण घ्या. १९५७ मध्ये केन ऑल्सन आणि हार्लन अँडरसन यांनी ७०,००० डॉलरच्या भांडवलावर ती सुरू केली. मिनीकॉम्प्युटरच्या, म्हणजे खोलीभर संगणकांपेक्षा लहान यंत्रांच्या जोरावर ती आयबीएमच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली, सव्वा लाखाच्या आसपास माणसं काम करत होती. माणसं काढायची नाहीत ही तिथली अनेक दशकांची रीत होती, आणि ती त्यांनी फार उशिरापर्यंत पाळली. मूल्यं जागेवर होती, अभियंते अव्वल होते. पण टेबलावर मावणारा स्वस्त संगणक आपल्या महागड्या यंत्रांचा बाजार खाईल हे कंपनीनं वेळेत मनावर घेतलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कपात करावीच लागली, १९९२ मध्ये ऑल्सन पायउतार झाले आणि १९९८ मध्ये कॉम्पॅकनं साडेनऊ अब्ज डॉलरच्या आसपास किंमत देऊन ती घेतली. १९८७ च्या शिखरावर तो शेअर ज्यांनी 'आमचीच कंपनी आहे' म्हणून धरून ठेवला, त्यांचं काय झालं असेल याचा अंदाज तुम्हीच करा. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच. म्हैस वाईट नव्हती हो.

आणि याच्या अगदी उलटं आयबीएममध्ये झालं. 'व्यक्तीचा आदर' हे ती कंपनी घडवणाऱ्या वॉटसन पितापुत्रांचं तत्त्व, आणि नोकरी कायमची ही त्याला जोडलेली समजूत. १९९३ मध्ये कंपनीला ८ अब्ज डॉलरचा तोटा झाला, लू गर्स्टनर प्रमुख म्हणून बाहेरून आले आणि ती समजूत मोडली. हजारो माणसं गेली. शेअरचा तळ त्याच वर्षी लागला, आणि पुढची काही वर्षं तो कित्येक पटींनी चढला. म्हणजे ज्या वर्षी कर्मचाऱ्यांचा विश्वास सगळ्यात जास्त दुखावला गेला, तेच वर्ष शेअर घेणाऱ्यासाठी सगळ्यात चांगलं ठरलं. मला हे रुचत नाही, पण घडलंय असं.

मी एवढा इतिहास का उगाळतोय? कंपनी तुमच्याशी कशी वागते हे बघून तिथे राहायचं की नाही ते ठरवा, मला पूर्ण पटेल. पण त्यावरून शेअरचा भाव ठरत नाही. तो ठरतो पुढच्या नफ्यावर, आणि त्यापेक्षाही, त्या नफ्याची अपेक्षा आजच्या भावात आधीच किती धरली आहे यावर.

आता धोरण. संगणक जोडून विकणं हा मुळात पातळ नफ्याचा धंदा आहे. आतली चिप एकाची, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, आणि मलई बहुतेक वेळा त्या दोघांकडे जाते. एचपीच्याच हिशेबात बघा: वैयक्तिक संगणकांच्या विभागाचा कामकाजी नफा (व्याज आणि कर वजा करण्याआधीचा) विक्रीच्या साधारण ५ ते ७ टक्के असतो, प्रिंटर आणि शाईच्या विभागाचा १८-१९ टक्क्यांच्या आसपास. डेलनं एकेकाळी यावर सुरेख तोड काढली होती. ऑर्डर आल्यावरच यंत्र जोडायचं, ग्राहकाकडून पैसे आधी घ्यायचे, पुरवठादाराला नंतर द्यायचे. धंदा वाढेल तसं खेळतं भांडवल लागण्याऐवजी उलट हातात रोकड साचत जायची. १९९० च्या दशकात या युक्तीनं भल्याभल्यांना घाम फोडला. पण लोक दुकानात जाऊन, हाताळून लॅपटॉप घ्यायला लागले, इतरांनीही पुरवठा सुधारला, आणि २००७ मध्ये डेललाही दुकानांच्या फळीवर जावं लागलं. २०१३ मध्ये मायकेल डेल यांनी कंपनी शेअर बाजारातूनच काढून घेतली. त्यात चूक कुणाची नव्हती. या धंद्यात चांगली युक्ती दहा-पंधरा वर्षं पुरते, एवढंच.

एआय सर्व्हरचं, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे मोठे संगणक विकण्याचं धोरण तुम्हाला पटलंय. मलाही चुकीचं वाटत नाही. फक्त एक बघा. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाचं ढोबळ मार्जिन (माल बनवण्याचा खर्च वजा केल्यावर विक्रीतला उरणारा वाटा) अलीकडच्या वर्षांत ७० टक्क्यांच्या वर आहे. त्या चिप बसवून सर्व्हर विकणाऱ्याला त्यातलं किती उरतं? विक्रीचा आकडा फुगतो, टक्केवारी बारीक होते. तुमच्या कंपनीच्या पुढच्या निकालात टाउनहॉलमधली (कर्मचाऱ्यांच्या सभेतली) भाषणं बाजूला ठेवा आणि त्या विभागाचा कामकाजी नफा, न विकलेला माल किती दिवस पडून राहतो ते आणि कामकाजातून आलेली रोकड एवढंच वाचा. विक्री वाढतेय आणि रोकड वाढत नाहीये असं दिसलं, तर सभागृहातल्या टाळ्यांना फारसा अर्थ नाही.

'मी आतून बघते आहे' याबद्दलही थोडं. १९९७ मध्ये मायकेल डेल यांना कुणीतरी विचारलं, ॲपलचं काय कराल? बंद करून भागधारकांचे पैसे परत देईन, अशा अर्थाचं ते बोलले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर घातले होते, अवस्था खरंच तशी होती. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. या धंद्याची खडानखडा माहिती असलेल्या माणसाला शेजारच्या कंपनीचं भवितव्य दिसलं नाही. आतल्या माणसाला कँटीनमधला उत्साह दिसतो, सहकाऱ्यांची मेहनत दिसते. स्पर्धकाच्या प्रयोगशाळेत काय चाललंय ते आतून दिसत नाही. (आणि एखादी न जाहीर झालेली महत्त्वाची गोष्ट खरंच माहीत असेल, तर त्यावर व्यवहार करणं हा गुन्हा आहे. तेव्हा ती माहिती गुंतवणुकीसाठी तशीही निरुपयोगी.)

ॲपलमध्ये जे टिकून राहिले त्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांचं भलं झालं. पण त्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, कारण त्या सांगायला ती कंपनी अजून आहे. वँग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीत टिकून राहिलेल्यांच्या गोष्टी कोण सांगणार? ती १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला शेवटून दुसरं वाटलं. तुमचे यजमान तुमच्याच कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहेत, असा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय. मी तो दोनदा वाचला. म्हणजे तुमचा पगार, त्यांचा पगार, तुमची बचत आणि आता घराचे पैसेही एकाच दोराला टांगायचा विचार आहे. संगणकांच्या विक्रीत भरती-ओहोटी असतेच. २०२०-२१ मध्ये सगळे घरून काम करत होते तेव्हा विक्री उसळली, २०२२-२३ मध्ये जोरात आपटली. पुढची ओहोटी येईल तेव्हा शेअर पडेल, तुमची वाढ थांबेल आणि पुरवठादारांच्या ऑर्डरी सगळ्यात आधी कापल्या जातील. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याचं असंच झालं होतं. नोटीस आली त्या महिन्यात शेअर निम्म्यावर होता, आणि घरखर्चासाठी तोच विकावा लागला. दुष्काळात तेरावा महिना. त्यांची कंपनीही चांगलीच होती, नुकसानभरपाईसुद्धा व्यवस्थित दिली.

हिशेब साधा आहे. आज शेअर निम्मा झाला तर तुमची एकूण बचत ३१ टक्क्यांनी घटेल. घराचे पैसे घातल्यावर शेअरचा वाटा ८२ टक्के होतो, आणि तीच पडझड ४१ टक्क्यांची होते. शंभराचे ५९ उरले की पुन्हा शंभरावर यायला जवळपास ७० टक्के वाढ लागते. तोवर घर थांबेल.

सवलतीच्या योजनेला मी 'हो' का म्हणतो? कारण तिथे भविष्य ओळखावं लागत नाही. १०० चा शेअर ८५ ला मिळतो, म्हणजे लावलेल्या पैशावर साडेसतरा टक्क्यांहून थोडा जास्त फायदा पहिल्याच दिवशी. १० टक्के हप्ता जरूर करा, घरखर्चाला ओढाताण होत नसेल तर. फक्त शेअर खात्यात आले की विका. काही योजनांत ठरावीक मुदत धरून ठेवावे लागतात, काही ठिकाणी लवकर विकल्यास जास्त कर बसतो. तुमच्या योजनेची कागदपत्रं आणि तुमच्या देशातला कर कुणा जाणत्याकडून एकदा तपासून घ्या. कर थोडा जास्त बसला तरी बहुतेक वेळा विकणंच बरं पडतं, असा माझा कल आहे.

जे शेअर कंपनी फुकट देते त्यांच्याकडे बोनस म्हणून बघा. उद्या तेवढीच रक्कम रोख हातात पडली, तर तुम्ही बाजारात जाऊन सगळ्या रकमेचा हाच एक शेअर घ्याल का? उत्तर 'नाही' असेल, तर न विकणं म्हणजे तो घेणंच आहे.

राहिले ते ६२ टक्के. एकदम विकायला मी सांगत नाही. मन तयार होत नाही, आणि कराचा बोजाही एकाच वर्षात पडतो. चार-पाच हप्त्यांत, साधारण सव्वा वर्षात, हा वाटा १० ते १५ टक्क्यांवर आणा. पहिला हप्ता सगळ्यात मोठा ठेवा. 'पूर्वीचा भाव येऊ दे, मग विकते' हे मनात येईल. तो भाव आता फक्त तुमच्या आठवणीत आहे, बाजाराला त्याच्याशी देणंघेणं नाही. आलेल्या पैशातून आधी वर्षभराच्या खर्चाची रोकड बाजूला काढा. एरवी मी सहा महिने म्हणतो, पण तुम्ही दोघंही एकाच धंद्यात आहात. उरलेलं अनेक देशांच्या, अनेक उद्योगांच्या शेअरमध्ये पसरलेल्या स्वस्त इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडात) घाला. त्यातही संगणक कंपन्या असतातच, तेव्हा या धंद्यातून तुम्ही बाहेर पडताय असं वाटून घेऊ नका.

सहकाऱ्यांना हे कळलं तर काय म्हणतील, ही शंका तुमच्या पत्रात नव्हती, पण अशा कंपन्यांत ती असतेच. स्वतःचे शेअर विकणं म्हणजे बेइमानी नाही. वरचे अधिकारीही विकतात, बऱ्याचदा आधीच ठरवून दिलेल्या तारखांना. तुमच्या कंपनीत निकालांच्या आसपास कर्मचाऱ्यांना व्यवहार बंद असतील. ते कधी खुले होतात ते मनुष्यबळ विभागाला विचारा आणि पहिला हप्ता त्याच आठवड्यात विका. घराचे पैसे आहेत तिथेच राहू द्या.