जुने कागद वाचून पोट भरतं का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. टॉवेलचा कारखाना आहे, लेक बीए मराठीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आजीच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडी लिपीतल्या वह्या आणि पत्रांचा गठ्ठा सापडल्यापासून ती म्हणतेय मला १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अंमलाच्या वेळी सोलापूरच्या लोकांनी काय लिहिलं त्यावर एमए, पुढे पीएचडी करायचीय, आर्काइव्हमध्येच, म्हणजे जुने कागद जपतात तिथेच काम करायचंय. आणि तुम्ही म्हणताय बीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, जुने कागद वाचून पोट भरतं का. रास्त प्रश्न आहे, बापाने विचारायलाच पाहिजे.

आधी पैशाचं बोलतो. सरकारी पुराभिलेखागारातल्या, म्हणजे सरकारच्या आर्काइव्हमधल्या जागा मोजक्याच असतात, त्यावर डोळे लावून बसू नका. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारने समिती नेमली तेव्हा काय झालं आठवा, कचेऱ्यांमधलं मोडीतलं दप्तर समोर होतं आणि ते वाचणारी माणसं शोधावी लागली. जमिनीच्या, वतनाच्या जुन्या कागदांसाठी आजही लोक मोडी वाचणारा शोधत फिरतात. म्हणजे डिग्रीच्या आधी लिपी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, ते तिने एमएच्या आधीच करावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, त्याच्या अटी जाहिरातीत नीट वाचा, कारण इतिहास विषय लागतो का हे मराठीवाल्यांनी आधीच बघितलेलं बरं. शिवाय पुण्यात टाटांचं आर्काइव्ह आहे, विक्रोळीला गोदरेजचं, मुंबईत बायकांच्या आठवणी आवाजात आणि चित्रांत जपणारी स्पॅरो ही संस्था आहे. आणि नेट-सेट करून कॉलेजात शिकवणं हा रस्ता तर आहेच, तो मराठीच्या एमएने बंद होत नाही.

आता तुमच्या लेकीसाठी लिहितो, तिला वाचून दाखवा.

बाळा, लायब्ररी आणि आर्काइव्ह एक नाही. लायब्ररीत पुस्तकं विषयाने लावलेली असतात, आर्काइव्हमध्ये कागद ज्या कचेरीत तयार झाला तिच्या हिशोबाने राहतो. 'सोलापूरचा लढा' असं लेबल लावलेला गठ्ठा तुझी वाट बघत बसलेला नाही. तुला विचारायला लागेल की १२ मे १९३० ला मार्शल लॉ लागला तेव्हा मुंबई सरकारच्या कुठल्या खात्याने पत्रव्यवहार केला असेल, मग गृह खात्याच्या स्पेशल फायलींपर्यंत पोचशील. तिथे काय मिळेल? साहेबाची भाषा. रस्त्यावर आलेली माणसं त्यात 'जमाव' असतात, गिरणीत खाडा करून आलेल्या बाईचं नाव तिला पकडलं तरच लिहिलं जातं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिली, त्यांचं नाव सरकारच्या कागदात आहे कारण सरकारनेच खटला चालवला. बाकीच्यांचं कुठंय? ते सापडलं तर तुझ्या आजीच्या ट्रंकेसारख्या ठिकाणी सापडेल, एखाद्या घरच्या पत्रात, भजनाच्या वहीत मध्येच उतरवून घेतलेल्या गाण्यात. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणं हाच तुझा अभ्यास, आणि तो साहित्याचाच अभ्यास आहे, कुणी काही म्हणू दे.

पुण्याचं पेशवे दप्तरच, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागदच घे ना. १८१८ नंतर इंग्रजांनी ते नीट ठेवलं ते महसूल आणि इनामांचे दावे तपासायला लागत होतं म्हणून, आपल्याला इतिहास लिहिता यावा म्हणून नाही. त्या रुमालांमधून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमधून, इतिहासकार रियासतकार सरदेसायांनी निवडून काढलेले ४५ खंड १९३० ते ३४ मध्ये छापून आले, म्हणजे 'निवडून' हा शब्द लक्षात ठेव, बाकीचा ढीग अजून रुमालातच आहे.

आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींचंही तसंच. लावणी गाणाऱ्याच्या तोंडून फिरली, कुणी बाडात, म्हणजे हाताने लिहिलेल्या वहीत उतरवली, दुसऱ्याने उतरवताना शब्द फिरला. कुठला शब्द मूळचा हे ठरवायला बाडं समोर घेऊन ओळ ओळ लावून बघायला लागतं. जाधवपूर विद्यापीठाने २०१३ मध्ये रवींद्रनाथांची हस्तलिखितं आणि छापील आवृत्त्या 'विचित्रा' नावाने ऑनलाइन ठेवल्या, एका कवितेचे खर्डे शेजारी लावून बघता येतात. मराठीत असं काम करायला मोडी आणि कॉम्प्युटर दोन्ही येणारी मुलगी पाहिजेय, खरंच पाहिजेय.

आणि धीर पाहिजे. मोडीत हात न उचलता लिहायचं, शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. तारखेला 'छ' लिहिलं तर ती चांद्र तारीख. वर्ष आकड्यात नसतं, अरबी शब्दांत असतं, 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे एक, साठ, शंभर, हजार, झाले ११६१, त्यात महिना बघून ५९९ किंवा ६०० मिळवायचे. जानेवारी असेल तर ६००, आले १७६१, पानिपत! पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मला आर्काइव्हच्या खोलीत ओरडावंसं वाटलं होतं. पण त्या एका ओळीला माझा अख्खा दिवस गेला होता, आणि असा दिवस तुला आवडतो का हे आधी बघ.

म्हणून दादा, लगेच हो-नाही करू नका. उन्हाळाभर तिला मोडी शिकू द्या आणि ट्रंकेतली एकच वही पूर्ण देवनागरीत उतरवू द्या. वही संपवून दुसरी मागितली तर एमएचा फॉर्म भरा. मध्येच कंटाळली तर बीएड कुठं पळून जात नाही.

तोवर ट्रंकेला जपा. आमच्या घरातल्या आजोबांच्या कीर्दवह्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेल्या, त्यात जुन्या गिरणीतल्या लोकांची उधारी नावानिशी होती, ते आता कुठंच मिळणार नाही, मला अजून वाईट वाटतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आणि गठ्ठे 'नीट' लावायला जाऊ नका, आजीने कुठलं पत्र कशात गुंडाळून ठेवलं होतं तेही वाचायचं असतं. जसं आहे तसं आधी मोबाईलवर फोटो काढा, मग सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा. माझ्याकडे येताना ट्रंक आणू नका, फोटोच आणा.