सुकी कडधान्यं घरी शिजवून खाणं एकट्या माणसाला खरंच परवडतं का?

परवडतं. तुम्ही लिहिलंय की पुण्यात एकटे राहता, सोसायटीला बोअरचं पाणी आहे, छोले चार शिट्ट्या काढूनही टणकच राहतात. मग गॅस आणि वेळ धरला तर मोड आलेल्या मटकीची पाकिटं आणि टिनमधला राजमा तेवढ्यालाच पडत नाही का, असं तुम्ही विचारता. तेवढ्याला पडत नाही. मोड आले की मटकीचं वजन दुपटीच्या आसपास जातं, म्हणजे पाकिटाचं निम्मं वजन पाण्याचं असतं आणि त्याचे पैसे तुम्ही मोजता. टिनचंही तेच. वेळेचं म्हणाल तर भिजवायला दोन मिनिटं लागतात, बाकीचं काम तुम्ही झोपलेले असताना होतं. मात्र ते रात्री आठवायला हवं. सगळी काटकसर त्या आठवण्यात आहे.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. ‘नाइलाज म्हणून खायचं जेवण, त्यातून ताकद कितीशी मिळणार?’ हे वाक्य मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ऐकतेय.

माझे वडील मुंबईत लालबागला कापड गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप आजतागायत रीतसर मागे घेतला गेलेला नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. चाळीतल्या कितीतरी बिऱ्हाडांनी बायका-मुलं गावी धाडली. आईने धाडली नाहीत, आमच्या शाळा सुटतील म्हणून. उलट थोरल्या काकांचं बिऱ्हाडही आमच्याच खोलीत जेवू लागलं, कारण दोन स्टो पेटवण्याइतकं रेशनचं रॉकेल मिळत नव्हतं. आई देवगडकडे गावी जाऊन एसटीच्या टपावर पोतं टाकून आली. त्यात कुळीथ, चवळी, थोडे वाल. आजी कडधान्याला राख चोळून मडक्यात भरायची, त्यामुळे भुंगा लागलेला नव्हता.

त्या पोत्यातून आईने जे काय केलं ते मला आजही कुणी करून दाखवावं. कुळीथ भरपूर पाण्यात शिजवायचे आणि ते पाणी गाळून घ्यायचं. त्या कळणाला ठेचलेल्या लसणीची फोडणी, दोन आमसुलं, नारळ असेल तर थोडा रस, ते भातावर. उरलेल्या कुळथाची रात्री उसळ. एका शिजवण्यात दोन जेवणं. तिसऱ्या दिवशी कुळीथ भाजून दळलेल्या पिठाची पिठी, ती तर दहा मिनिटांत होते. चवळी आणि मटकी रात्रभर भिजवलेली असली की ती फक्त खळखळून उकळी काढायची, दहा-पंधरा मिनिटं ठेवायची आणि झाकणावर वरवंटा ठेवून पातेलं गोणपाटात आणि जुन्या गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात सारायची. आम्ही शाळेतून येईपर्यंत दाणा बोटाने दाबला की मऊ. स्टो तेवढा वेळ बंद. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वाल असले की आम्हा पोरांना काम असायचं. भिजवायचे, पंच्यात बांधून खुंटीला टांगायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि सगळ्यांनी भोवती बसून सोलायचे. चिमटीत धरून दाबला की दाणा सालातून सटकतो. बिरडं व्हायचं त्या दिवशी खोलीत भांडण होत नसे, कारण सगळ्यांचे हात गुंतलेले.

आता आमचा दादा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. त्याच पातेल्यातलं जेवून मोठा झाला, पुढे नोकरीत चांगला वर गेला, मला त्याचा अभिमान आहे. पण लग्नकार्यात चार माणसं जमली की हा सुरू होतो: संपात आम्ही उसळ खाऊन कसेबसे जगलो, म्हणून आमची पिढी अशी किरकोळ अंगाची राहिली, म्हणून मी माझ्या मुलाला पहिल्यापासून प्रोटीनचे डबे आणून देतो. एकदा हे त्याने आईच्या समोर म्हटलं, आणि वर ‘काकू तरी काय करणार होती’ अशी दया दाखवली. आई काही बोलली नाही. मी त्या दिवसापासून या विषयावर गप्प बसत नाही.

हिशेब बघा. सुक्या कडधान्यात 100 ग्रॅमला साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये सांगितलेलं प्रमाण आहे दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. दोन्ही वेळ मिळून 80-100 ग्रॅम सुकं कडधान्य, जोडीला भाकरी किंवा भात आणि दूध-दही असलं की तिथे सहज पोचता. कडधान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं ते ज्वारी-तांदळातून मिळतं, आणि धान्यात जे कमी असतं ते उसळीतून. उसळ-भाकरी ही जोडी आमच्या आयांनी उगीच जुळवलेली नाही. संपात कमी पडलं ते दूध, फळं, भाजी, अंडी. उसळ होती म्हणून आम्ही उभे राहिलो, दादा नेमकं उलटं सांगतो.

मोड आणले, निदान नीट भिजवून पाणी फेकलं, तर लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल बरंच कमी होतं आणि पोटात गॅस करणाऱ्या साखराही. वरून लिंबू पिळा, लोह जास्त अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, त्याने लोह नीट अंगी लागत नाही.

तुमचे छोले का शिजत नाहीत ते आता सांगते. बोअरच्या पाण्यातले क्षार सालाला घट्ट करतात. आम्ही लालबागला होतो तेव्हा तलावाचं हलकं पाणी होतं, हा त्रास नव्हता. तुम्ही भिजवायला आणि शिजवायला दोन्हीकडे आरओच्या, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या, मशीनचं पाणी घ्या; नुसतं गाळून क्षार जात नाहीत. भिजवताना लिटरला दोन चमचे मीठ टाका; मिठाने दाणा कडक होतो ही समजूत खरी नाही, उलट साल मऊ पडतं. फक्त मोड आणायचे असतील तेव्हा मीठ नको. टोमॅटो, चिंच, आमसूल दाणा पूर्ण शिजल्यावरच, आंबट आधी पडलं तर तासभर शिजवा, दाणा हलत नाही. एवढं करूनही टणक राहिले तर माल जुना आहे, तो दुकानदाराच्या तोंडावर मारा. जिथे कडधान्याचा खप मोठा आहे अशाच दुकानातून घ्या आणि नवा माल मागा. सोडा घालू नका. दादाच्या घरी घालतात. रंग जातो, साबणासारखी चव येते आणि बी-1 जीवनसत्त्व मरतं. (तुमच्याकडे अगदीच जड पाणी असेल आणि दुसरा उपाय नसेल तर चिमूटभर चालेल, त्याने काही विष होत नाही.)

रविवारी एकदम दोन प्रकार शिजवा आणि मीठ-मसाला न घालता डब्यांत भरून फ्रीजरला टाका. रोज एक डबा बाहेर काढायचा आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची फोडणी द्यायची. डबा तयार. एकट्या माणसाला याहून सोपं काही नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. गोधडीची युक्ती राजम्याला मुळीच नको, आणि आपल्या साताऱ्याकडच्या वाघ्या घेवड्यालाही नको. या दाण्यात कच्चेपणी एक विषारी द्रव्य असतं. मंद उष्णतेवर ते मरत नाही, अर्धवट शिजलेले मूठभर दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळू द्या किंवा सरळ कुकरला लावून मऊ होईपर्यंत शिट्ट्या काढा. कच्चे मोडही घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर वाफवूनच द्यावेत. किडनीचा आजार किंवा युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर माझं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. आणि ज्यांना सवय नाही त्यांनी एकदम दोन्ही वेळ सुरू केलं तर पोट फुगणारच, आठवड्यात दोनदापासून वाढवत न्या.

पहिल्यांदा मटकीच घ्या. भिजवून बांधली की पुण्याच्या उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात आणि कुकरही लागत नाही. छोले-राजमा पाण्याची सोय झाल्यावर.