अझुकी शिजत नाहीये? आधी दाणा नीट बघा

लेकाला त्या निळ्या मांजराच्या कार्टूनमधला ‘डोराकेक’ हवा, म्हणजे दोरायाकी, दोन पॅनकेकच्या मध्ये गोड सारण. त्या सारणासाठी तुम्ही ऑनलाइन अझुकी, म्हणजे बारीक लाल जपानी कडधान्य, मागवली. रात्रभर भिजवली, दोन तास शिजवली, तरी साल चामट, चव तुरट, आणि घरचे म्हणतात राजम्यात साखर घातली का! तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू. तोक्योतल्या निशिकासाईहून पुण्यात परत आल्यावर माझंही डिट्टो हेच झालं होतं.

तुमची कृती ठीक आहे. मला शंका आहे ती दाण्यांची. तुम्ही पाठवलेला फोटो अंधुक आहे, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी, पण ती लाल चवळी वाटते. एक दाणा उजेडात धरून बघा. अझुकीचा दाणा छोटा, दोन्ही टोकांना बोथट, आणि एका कडेला सरळ पांढरी रेघ. रेघेभोवती काही नाही. चवळी किंचित वाकडी असते, तिचा डोळा आखूड असतो आणि त्याला काळपट कड असते.

दिसायला सारख्या, पण सालीत जमीन-अस्मानाचा फरक. तोक्योकडे सणासुदीच्या लाल भातात, म्हणजे सेकिहानमध्ये, अझुकीऐवजी मुद्दाम चवळी घालायची पद्धत आहे. अझुकीची साल शिजताना फुटते, आणि पोट फाटलेला दाणा सामुराईंच्या घरात अशुभ, असं तिथे सांगतात. चवळीची साल फुटत नाही. भाताला हा गुण, दोरायाकीच्या सारणाला मात्र हाच दोष.

आता माझं दुखणं. दुकानाचं नाव घेणार नाही. पाकिटावर ‘जपानी अझुकी’, किंमत साध्या चवळीच्या कितीतरी पट, आत चवळी. तक्रार केली तर पहिलं उत्तर, ‘मॅडम, शिजवण्याची पद्धत चुकली असेल.’ फोटो पाठवले, रेघ आणि कड दाखवली. मग उत्तर आलं की उघडलेलं पाकीट परत घेत नाही. अहो, पाकीट अपारदर्शक, न उघडता आत काय आहे ते कळणार कसं? दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून सगळी कहाणी. पैसे गेले त्यापेक्षा ‘तुम्हालाच येत नाही’ हा सूर जास्त लागला. तेव्हापासून पारदर्शक पाकीट नसेल तर मी अझुकी घेतच नाही. जुना माल असेल तर खरी अझुकीसुद्धा शिजायला छळते, तेव्हा पॅकिंगची तारीखही बघा.

असलेली चवळी फेकू नका. मऊ शिजवून पुरणयंत्रातून काढा, साल मागे राहील. चव अगदी तीच नाही, पण मुलांना चालते.

खरी अझुकी मिळाली तर भिजवायची गरज नाही. एक उकळी आली की ते पाणी ओतून द्या, तुरटपणा त्यातच जातो. मग कुकर. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला तरच साखर, आधी घातलीत तर दाणे पुन्हा मऊ होणं विसरा. २०० ग्रॅम अझुकीला मी १६० ग्रॅम साखर घालते. जपानी कृतींत बरेचदा वजनाला वजन असते, मला ते अती होतं. शेवटी चिमूटभर मीठ. पुरणासारखा डाव उभा राहीपर्यंत आटवू नका, गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं.

पॅनकेकचं माप सोपं: फोडलेल्या अंड्यांचं जेवढं वजन, तेवढी साखर, तेवढाच मैदा. साखर दळलेली घ्या आणि दोन अंड्यांना चमचाभर मध घाला, रंग त्यानेच येतो. मिरिन, म्हणजे स्वयंपाकात वापरायची गोड जपानी राइस वाइन, नसली तरी काही अडत नाही. पाव चमचा खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घाला, पीठ अर्धा तास झाकून ठेवा. नंतर घट्ट वाटलं तर थोडं पाणी. तव्याला तेल लावून कागदाने पूर्ण पुसा, नाहीतर ठिपके ठिपके उठतात आणि तो एकसारखा तपकिरी रंग येत नाही. तापलेला तवा क्षणभर ओल्या फडक्यावर टेकवा, मग मंद आच. बुडबुडे फुटायला लागले की उलटा, जाळी पडेपर्यंत थांबलात तर कोरडे होतात. दुसरी बाजू जेमतेम अर्धा मिनिट.

अंड्याशिवाय होतील का, हे खाली कुणीतरी विचारणारच. गोड पॅनकेक होतील, दोरायाकी नाही. हे माझं मत, अंडं न खाणाऱ्यांवर टीका नाही. मी शेफही नाही.

एक राहिलं. भरले की लगेच मुलाच्या हातात देऊ नका. किंचित कोमट असतानाच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून चार-पाच तास ठेवा, सारणाचा ओलावा आत मुरतो. उरले तर थेट फ्रीजरमध्ये. नुसत्या फ्रिजमध्ये ते कडक होतात.